राखेच्या विटांची खोली आणि तिच्यावरचे सौर पॅनेल : दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

नाशिकमधल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर २०२३ च्या हिवाळ्यात आम्ही एक खोली बांधायला घेतली आणि २०२४ च्या मे महिन्यात त्या खोलीच्या स्लॅबवर सव्वातीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून घेतली. खोलीच्या भिंती फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात उरणाऱ्या कोळशाच्या राखेपासून केलेल्या विटांच्या आहेत. विटांच्या पावतीवर आणि सौर यंत्रणेच्या माहितीपत्रकावर एकसारखेच हिरवे पान छापलेले होते. ते पान कितपत खरे, हे वस्तू नवी असताना सांगता येत नाही. आता दोन पावसाळे उलटले आहेत, युनिटांची नोंद माझ्या वहीत आहे आणि भिंतीतल्या भेगाही मोजून झाल्या आहेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगते. पॅनेल आणि इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, यांच्याबद्दल मी समाधानी आहे. ते बसवून देणाऱ्या सेवेबद्दल तितकीशी नाही. विटाही चांगल्या आहेत, पण त्या पाण्यावर पुरत्या पिकून कडक होण्याआधी दारात येऊन पडल्या आणि त्याची किंमत भिंतीने मोजली. दोन्ही ठिकाणी वस्तू खरी उतरली आणि काम उरकण्याची घाई नडली.

यंत्रणेत ५४० वॉटची सहा पॅनेल आहेत. एकेक पॅनेल जवळजवळ साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २७-२८ किलो वजनाचे असते, आणि आमच्या अरुंद जिन्याच्या वळणावर ते उभे करून, तिरपे करून, शेवटी खांद्यावर घेऊन कसे नेले, हे पाहिल्यावर पॅनेलच्या काचेवरचा माझा विश्वास वाढला. सगळ्या कामाचा खर्च १,९५,००० रुपये झाला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते मीटर बसल्यानंतर थेट बँक खात्यात जमा झाले, म्हणजे आमच्या खिशातून १,१७,००० रुपये गेले. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. आयात सेलची पॅनेल त्याहून स्वस्त मिळतात आणि काही विक्रेते तोच भाव सांगून गिऱ्हाईक जमवतात, तेव्हा दर विचारताना अनुदानास पात्र असलेल्या पॅनेलचाच दर लेखी मागावा.

आमचा वापर वर्षाला ३,७६० युनिटांच्या आसपास होता आणि बिल महिन्याला साडेतीन ते चार हजार येत असे. जून २०२४ ते मे २०२५ या बारा महिन्यांत यंत्रणेने ४,३७० युनिट वीज तयार केली. सर्वांत जास्त मार्चमध्ये, ४८० युनिट, आणि सर्वांत कमी जुलैमध्ये, २१५ युनिट. विक्रेत्याने दिवसाला सरासरी १३ युनिट सांगितले होते, त्या हिशेबाने ४,७४५ व्हायला हवे होते. ३७५ युनिटांची तूट पडली. तिच्यातला काही वाटा त्या मे महिन्यातल्या अवकाळी पावसाचा होता, ज्याने जिल्ह्यातल्या कांद्याचेही हाल केले. काही वाटा मात्र आमच्याच गच्चीवरच्या एका वस्तूचा होता, तिच्याकडे पुढे येते.

बिल शून्य होते, असे जाहिरातीत म्हणतात. ते होत नाही. स्थिर आकार आणि त्यावरचे वीज शुल्क द्यावेच लागते, त्यामुळे दीडशे-पावणेदोनशे रुपयांचे बिल दर महिन्याला येते. तरीही बचत मोठी आहे, आणि तिचे कारण दरांच्या रचनेत आहे. महावितरणचा घरगुती दर वापराबरोबर पायरीपायरीने चढतो. सौरवीज सर्वांत आधी वरच्या पायरीवरचे महाग युनिट खोडून काढते. या हिशेबाने आमचे पैसे तीन वर्षांच्या आत वसूल होतील. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आतच आहे, त्यांना हाच काळ बराच लांब पडेल आणि त्यांनी घाई करण्याचे कारण नाही.

उलट बाजूने, मोठे छत आहे म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यातही शहाणपण नाही. नेट मीटर दिवसा बाहेर गेलेले आणि रात्री आत आलेले युनिट वेगवेगळे मोजतो आणि उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा दाखवतो. परंतु ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहतात, त्यांचा मोबदला आपण विजेला देतो त्या दरापेक्षा कितीतरी कमी दराने मिळतो. आम्ही सहाऐवजी पाच पॅनेल घेतली असती तरी चालले असते, हे मला पहिल्या मार्चच्या बिलावर कळले.

आणखी एक गोष्ट आधी कळायला हवी होती. पॅनेल येण्यापूर्वी दोन महिने आम्ही घरातले पाच जुने पंखे काढून बीएलडीसी मोटरचे पंखे लावले. जुना पंखा ७५ वॉट घेतो, हा पूर्ण वेगात ३० च्या आसपास. पाच पंखे दिवसाचे बारा तास चालले तर रोज पावणेतीन युनिट वाचतात, आणि माझ्या छतावरचे एक पॅनेल दिवसाला सरासरी दोन युनिट देते. पाच पंख्यांना पंधरा हजारांच्या आसपास खर्च आला. ज्यांना छत नाही, जे भाड्याने राहतात किंवा ज्यांच्या सोसायटीत गच्चीवरून वाद आहेत, त्यांना यापेक्षा स्वस्त सौर पॅनेल कोणी विकणार नाही.

उन्हाळ्याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते, माझीही होती. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, असे वाटते. प्रत्यक्षात पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि एप्रिलच्या दुपारी पॅनेल स्वतः साठ अंशांच्या वर तापलेले असते. प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्के घटते, म्हणजे भर दुपारी बारा-तेरा टक्के वीज नुसत्या उष्णतेत जाते. म्हणून पॅनेलखाली वारा खेळण्याइतकी मोकळी जागा ठेवणे आवश्यक आहे. आमच्याकडे ती दोन-अडीच फूट आहे. तिचा दुसरा फायदा असा झाला की खालच्या खोलीच्या स्लॅबला सावली मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये, पॅनेल नसताना, त्या खोलीत दुपारी चार वाजता भिंतीवरचा साधा तापमापक ३८ दाखवत असे. पुढच्या एप्रिलमध्ये तोच ३५ च्या पुढे क्वचित गेला. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नाही, पण त्या खोलीत दुपारी बसणे शक्य झाले, एवढे खरे.

आता उत्पादन घटवणाऱ्या त्या वस्तूकडे वळते. आमची पाण्याची टाकी गच्चीच्या नैऋत्य कोपऱ्यात, जिन्याच्या छपरावर आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ती तिथेच असते, कारण वास्तुशास्त्र मानणारे लोक जड वस्तू नैऋत्येला ठेवतात. सूर्याला मात्र वास्तुशास्त्र ठाऊक नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकून नैऋत्येला मावळतो, त्यामुळे डिसेंबरात दुपारी साडेतीननंतर टाकीची सावली ईशान्येकडे सरकत येऊन आमच्या पश्चिमेकडच्या पहिल्या पॅनेलवर चढत असे. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, म्हणून एकावर सावली आली की ती बाकीच्यांनाही थोडीफार भोवते. सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे सगळी माळ बंद पडत नाही, तरी मोबाइलवरच्या आलेखात साडेतीनला पायरी उतरल्यासारखी रेषा स्पष्ट दिसायची. पाहणीला आलेला माणूस मे महिन्यात भर दुपारी आला होता, तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि सावली टाकीच्या पायाशी. त्याने खिशातला होकायंत्र काढून दक्षिण दिशा पाहिली, पट्टी टाकली, वहीत आकडे लिहिले आणि 'इथे काही अडचण नाही' असे सांगितले. डिसेंबरातल्या सावलीचा अंदाज मे महिन्यात बसून करणे हेच तर त्याचे काम होते.

यंत्रणा बसवणाऱ्या या संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण शहरातल्या दोन-तीन ओळखीच्या घरी वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले काम पाहिल्यावर मला असे दिसले की या चुका कमी-अधिक प्रमाणात सर्वत्र आहेत. आमच्याकडची मोठी चूक २०२५ च्या जुलैत उघडकीला आली. झड लागली की सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा लागायचा, पडद्यावर 'आयएसओ फॉल्ट' अशी अक्षरे यायची, आणि दुपारी थोडे ऊन पडून सगळे वाळले की यंत्रणा आपली आपण सुरू व्हायची. करारात पाच वर्षांची देखभाल लिहिलेली आहे. मी फोन केला तर, 'मॅडम, पावसाळ्यात असे होतेच, दोन दिवसांत माणूस पाठवतो,' असे उत्तर मिळाले. माणूस नवव्या दिवशी आला, इन्व्हर्टर बंद करून पुन्हा चालू केला, आणि चहा घेऊन गेला.

शेवटी गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या वायरमनला वर पाठवले. त्याने रीतसर यंत्रणा बंद केली, पॅनेलखाली आडवा होऊन बॅटरी मारली आणि पाच मिनिटांत दोष सांगितला. पॅनेलच्या वायरी लोखंडी सांगाड्याला बांधायला घरगुती वापराच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या केबल टाय वापरल्या होत्या. चौदा महिन्यांच्या उन्हाने त्या इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की बोट लागले तरी त्यांचा चुरा होत होता. टाय तुटल्या, वायरी खाली लोंबल्या, वाऱ्याने हलून हलून एकीचे आवरण पाइपच्या कापलेल्या धारेवर घासले गेले आणि एक जोडणी थेट स्लॅबवरच्या साचलेल्या पाण्यात टेकली. पाऊस आला की वीज जमिनीकडे झिरपायची आणि इन्व्हर्टर शहाणा असल्यामुळे तो स्वतःला बंद करून घ्यायचा. वायरमनने ती वायर बदलली, उन्हात टिकणाऱ्या काळ्या टाय आणि काही ठिकाणी स्टीलच्या पट्ट्या लावल्या. साहित्याचा खर्च सहाशे रुपयांच्या आतबाहेर. पंचवीस वर्षांची हमी असलेल्या पॅनेलांचा गळा एक-दोन रुपयांच्या पट्टीने धरला होता.

त्याच वेळी सांगाड्याकडेही नीट पाहिले. पाइप गॅल्वनाइज्ड आहेत, त्यांच्यावरचा जस्ताचा थर चांगला आहे. मात्र जागेवर कटरने कापलेल्या टोकांना आणि ड्रिलने पाडलेल्या भोकांना झिंक पेंट लावायचा राहिला होता, आणि नेमकी तिथेच तांबूस रेघ धरली होती. हे काम मी स्वतः केले. ज्यांच्या घरी काम चालू असेल त्यांनी कापलेल्या टोकांना रंग लागल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. तसेच स्लॅबला भोके पाडून खांब उभे करण्याचा आग्रह असतो, कारण ते लवकर होते. आम्ही काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर खांब घेतले आणि त्या स्लॅबला अजून ओल आलेली नाही.

वीज गेली की ही यंत्रणाही बंद होते. हे विक्रेता सांगत नाही असे नाही, पण ज्या स्वरात सांगायला हवे त्या स्वरात सांगत नाही. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपल्या छतावरून उलट गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून बाहेरचा पुरवठा थांबला की इन्व्हर्टरने थांबावे, असा सुरक्षेचा नियमच आहे. पहिल्या जूनमध्ये वादळाने फांदी पडून सकाळभर वीज नव्हती. ऊन मात्र लख्ख पडले होते. शेजारचे आप्पा फाटकाशी उभे राहून म्हणाले, 'अगं, तुमच्याकडे सूर्याची वीज आहे ना? मग मिक्सर का बंद?' त्यांना समजावून सांगता सांगता माझ्या लक्षात आले की बॅटरीसह येणारी यंत्रणा वेगळी असते, तिचा खर्च आणि देखभालही वेगळी, आणि ज्या भागात वीज रोज तासन्‌तास जाते तिथल्या माणसाने आमच्यासारखी यंत्रणा घेऊन उपयोग नाही.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, त्याने धुतले तर काचेवर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. मी दहा-बारा दिवसांनी नळाचे पाणी आणि लांब दांड्याचा मऊ मॉप घेऊन सकाळी साडेसहाला वर जाते, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. पॅनेलखाली कबुतरांनी संसार थाटायचा प्रयत्न केला होता; बाजूने जाळी मारल्यावर तो सोडला.

विटांकडे येते. नाशिकजवळ एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे अशा केंद्राभोवती राखेचा प्रश्न कायमचा असतो, आणि राख विटांसाठी वापरली जावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ पासून अधिसूचना काढलेल्या आहेत. लाल विटेसाठी शेतातली पोयट्याची माती खणावी लागते आणि भट्टीत हजार अंशांच्या आसपास ती भाजावी लागते. राखेची वीट भाजत नाहीत. राख, दगडाची कच आणि थोडे सिमेंट किंवा चुना यांचे मिश्रण यंत्रात दाबून ती पाडतात आणि दोन-तीन आठवडे पाण्यावर पिकवतात. भट्टी नाही म्हणून इंधन नाही, आणि तिच्या पावतीवरच्या हिरव्या पानाचा मुख्य आधार हाच.

ही वीट आकाराने एकसारखी असते, कडा सरळ असतात, त्यामुळे दोन विटांमधल्या दरजेत मसाला कमी जातो आणि आतल्या बाजूला अर्ध्या इंचाच्या प्लॅस्टरवर भागते. बचत दिसते ती इथे, कारण विटेपेक्षा सिमेंटच जास्त महाग आणि जास्त प्रदूषक आहे. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावले होते, 'ताई, ही वीट लाल विटेसारखी पाणी पीत नाही. भिजत घालू नका, नुसती शिंपडा, नाहीतर भिंत वाळताना तडकेल.' विटा कशा ओळखायच्या हेही त्यांनीच दाखवले. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, आणि खिळ्याने ओरखडले तर नुसती रेघ उमटावी, पूड निघू नये.

पहिल्या ट्रकमधल्या विटा या परीक्षेत उत्तम उतरल्या. दुसरा ट्रक आला तेव्हा मिस्त्री गावाला गेले होते, ठेकेदाराला भिंत लिंटेलपर्यंत, म्हणजे खिडकीवरच्या तुळईपर्यंत, न्यायची घाई होती, आणि त्या विटा हाताला गार लागत होत्या. खिळ्याने कोपरा खरवडला तर करड्या रंगाची पूड बोटांवर आली. आठवडाभरही पाण्यावर नसलेल्या त्या विटा मी परत पाठवायला हव्या होत्या, पाठवल्या नाहीत. अर्धवट पिकलेली आणि ओली वीट भिंतीत बसल्यावर वाळत जाते, वाळताना आकसते, आणि आकसण्याचा पुरावा प्लॅस्टरवर देते. सहा महिन्यांत खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांतून तिरप्या केसाएवढ्या भेगा निघाल्या, आणि खांब जिथे भिंतीला मिळतो तिथे एक उभी भेग आली. दुसऱ्या भिंतीत, पहिल्या ट्रकच्या विटांत, आजपर्यंत एकही नाही. भेगा रुंद करून, जाळी मारून, भरून घेतल्या. घराला धोका काही नाही, पण रंग दोनदा लावावा लागला आणि त्यात विटांवर वाचलेले पैसे गेले.

एएसी ब्लॉकचाही, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचाही, विचार केला होता. तेवढ्याच आकारमानाला ते फ्लाय अ‍ॅश विटेच्या जेमतेम तृतीयांश वजनाचे असतात आणि जुन्या घरावर खोली चढवताना वजनाचा मुद्दा गंभीर असतो. स्ट्रक्चरल इंजिनियरने पाया आणि खांब तपासून चार इंची भिंतींना परवानगी दिली म्हणून आम्ही विटांवर राहिलो. शिवाय ब्लॉक पूर्ण गाडीभर घ्यावे लागत होते आणि मला भिंतीवर पुस्तकांची जड फडताळे टांगायची होती, ज्यासाठी ब्लॉकमध्ये खास प्लग लागतात. आज पुन्हा बांधायचे असते तर मी कदाचित ब्लॉकच घेतले असते.

या दोन खरेद्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गंमत दिसते. माझ्या भिंतीतली राख ज्या कोळशाची आहे, तो कोळसा जाळावा लागू नये म्हणून मी वर पॅनेल बसवली आहेत. देशाच्या वीजजाळ्यात सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने माझ्या ४,३७० युनिटांनी वर्षाला तीन टनांच्या आसपास उत्सर्जन टाळले. पॅनेल बनवताना खर्च झालेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात साधारण वर्ष-दीड वर्षात भरून निघते, म्हणजे माझी पॅनेल त्या कर्जातून बहुधा मोकळी झाली आहेत. पण अशी छते वाढत जाऊन कोळशाची केंद्रे मंदावली, तर स्वस्त राखही कमी होईल, आणि राखेवर उभी असलेली वीट आणि राख मिसळलेले पीपीसी सिमेंट या दोन्हींना दुसरा आधार शोधावा लागेल. राखेची वीट ही म्हणूनच मधल्या काळातली वस्तू आहे. निर्माण झालेल्या कचऱ्याचा चांगला उपयोग, यापलीकडे तिला मोठेपण देऊ नये.

सिमेंटच्या बाबतीत तो दुसरा आधार तयार होत आहे. क्लिंकर, म्हणजे चुनखडी आणि माती भट्टीत भाजून होणारे खडे, हा सिमेंटचा जीव, आणि एक टन क्लिंकर तयार होताना इंधन सोडून नुसत्या चुनखडीच्या विघटनातूनच सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तिथे नुसती भट्टी बदलून भागत नाही, क्लिंकरच कमी करावे लागते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी यांचे मिश्रण वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणारे एलसी३ नावाचे सिमेंट स्वित्झर्लंडमधील लोझान, क्यूबा आणि आपल्याकडच्या आयआयटी अशा ठिकाणच्या संशोधकांनी मिळून विकसित केले आहे आणि भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी आयएस १८१८९ हे मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. खोली बांधताना मी आमच्या नेहमीच्या दुकानात विचारले, तेव्हा दुकानदाराने नाव दोनदा विचारून घेतले आणि पीपीसीची पोती दाखवली. आम्ही तीच वापरली.

पॅनेलच्या शेवटाचाही विचार खरेदीच्या वेळीच करावा. सौर पॅनेल आता २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत आहेत, आणि काच, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तांबे हे भंगारातही किंमत असलेले पदार्थ आहेत. तोवर पॅनेलांचे अनुक्रमांक, हमीपत्रे आणि बसवतानाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवावेत. अनुक्रमांक पॅनेलच्या मागच्या बाजूला असतो आणि एकदा ते बसले की तो वाचायला आडवे व्हावे लागते. इन्व्हर्टर मात्र पॅनेलइतका जगणार नाही. पॅनेलच्या पंचवीस वर्षांत तो एकदा बदलावा लागेल असे धरून मी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकते. आमचा इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावला होता. त्याच्यावर पत्र्याची छोटी पडवी मी नंतर करून घेतली.

गुण द्यायचे झाले तर पॅनेल आणि इन्व्हर्टर यांना दहापैकी नऊ, बसवणाऱ्यांना पाच, पहिल्या ट्रकच्या विटांना आठ. दुसऱ्या ट्रकला गुण देत नाही.

सावलीचा प्रश्न गेल्या नोव्हेंबरात सुटला. टाकी हलवावी असे माझे मत होते, परंतु सासूबाईंनी नैऋत्येची टाकी हलवू देणार नाही असे शांतपणे आणि एकदाच सांगितले, म्हणून पॅनेल हलले. त्याच वायरमनने आणि एका वेल्डरने मिळून पश्चिमेकडचे पॅनेल काढून रांगेच्या पूर्व टोकाला नेले. सांगाड्याचा एक खांब वाढवावा लागला आणि चार हजार रुपये लागले. कापलेल्या टोकांना झिंक पेंट या वेळी माझ्यासमोर लागला. डिसेंबरात दुपारी चार वाजता वर जाऊन पाहिले, तेव्हा टाकीची सावली रिकाम्या स्लॅबवर पडलेली होती, पहिल्या पॅनेलच्या कडेपासून चार बोटांवर.